वृद्धांचें पोषण आणि त्यांची शुश्रूषा : राजशासनाच्या कागदांतून

वृद्धांचें व अनाथांचें पालन राजानें करावें, हा विचार आपल्या देशांत जुना आहे, याविषयीं कोणाचा मतभेद असण्याचें कारण नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्र इ. स. १९०९ मध्यें छापून निघाल्यापासून त्यांतील एका वाक्याच्या आधारावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि वृद्धांचें निवृत्तिवेतन ही मुळांत आमचीच संस्था होय, येथपर्यंत उत्साही लेखकांची मजल जाते. उलट पक्षीं, आंग्लपूर्व काळांत वृद्धांचा सर्व भार एकत्र कुटुंबावर होता व राज्यास त्याची दादच नव्हती, असें तितक्याच ठामपणें सांगणारेही भेटतात. आम्हांस हे दोन्ही पक्ष कागद सोडून बोलणारे वाटतात. मात्र कागदांकडे वळण्यापूर्वी, त्यांना विचारावयाचा प्रश्न नीट मांडला पाहिजे. कारण या विषयांतील बराचसा घोटाळा प्रश्नांतच आहे.

ज्याची दृष्टि गेली, गुडघे गेले, ज्याला उठवून बसविल्यावांचून बसतां येत नाहीं, अशा माणसास दोन गोष्टी लागतात. एक भाकरी, आणि दुसरी ती भाकरी कुसकरून भरविणारा हात. पहिलीस आम्ही पोषण म्हणतों, दुसरीस शुश्रूषा. पोषणाचा खर्च आंकड्यांत मांडतां येतो, म्हणून तो दप्तरांत उतरतो. शुश्रूषा घरांत होते, रात्रीं होते, आणि बहुधा सुनेच्या, लेकीच्या अगर घरांतील विधवेच्या हातून होते. तिची नोंद ठेवण्याचें कोणास प्रयोजन पडत नाहीं. तेव्हां राज्यानें वृद्धांस काय दिलें, एवढेंच विचारून भागत नाहीं. वृद्धाची सेवा करणारा माणूस राज्याच्या कागदांत केव्हां व कोणत्या नांवानें दिसूं लागतो, हेंही विचारलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत हा दुसरा प्रश्न हातीं धरून आम्ही कांहीं परिचित साधनें पुन्हां वाचणार आहों.

प्रथम अर्थशास्त्र. ज्या वाक्याचा एवढा गवगवा झाला, तें दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत, म्हणजे नवी वसाहत कशी करावी या प्रकरणांत आहे. म्हैसूर येथील प्राच्य ग्रंथालयांत आलेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्री यांनीं तें छापिलें व पुढें इंग्रजींत उतरविलें, तेव्हां बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त, संकटांत सांपडलेले व अनाथ अशा निरनिराळ्या वर्गांचें भरणपोषण राजानें करावें, असा अर्थ त्यांनीं दिला. मुंबई विद्यापीठाकरितां प्रो. र. पं. कंगले यांनीं १९६० मध्यें जो संशोधित पाठ प्रसिद्ध केला, त्यांत व्याधिग्रस्तांचा शब्द या जागीं नाहीं. आणि 'अनाथ' हें पद निराळा वर्ग न मानतां मागील सर्वांचें विशेषण म्हणून त्यांनीं लाविलें आहे. वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, हा पाठभेद किरकोळ नव्हे. पहिल्या अर्थानें घेतलें तर प्रत्येक वृद्ध राजाचा पोष्य ठरतो. दुसऱ्या अर्थानें, ज्याला कोणी नाथ नाहीं असाच वृद्ध तेवढा ठरतो.

आमचा कल कंगले यांच्या अर्थाकडे आहे, आणि त्याचें कारण त्याच अध्यायांत आहे. समर्थ असूनही जो आपलीं मुलें, बायको, आईबाप, अज्ञान भाऊ, अविवाहित व विधवा बहिणी यांस पोसत नाहीं, त्यास बारा पण दंड सांगितला आहे. पतितांस पोसण्याचें बंधन नाहीं, परंतु आई पतित असली तरी तिला हा अपवाद लागू नाहीं. बायकामुलांची तरतूद न करितां संन्यास घेणाऱ्यासही दंड आहे. राजाला प्रत्येक म्हातारा पोसावयाचा असता तर मुलास दंड करण्याची जरूर काय होती? योजना उघड आहे: आधीं घर, घर चुकारपणा करील तर दंड, आणि घरच नसेल तर राजा. ही मदत उदार खरी, पण ती शेवटची पायरी आहे.

याच ग्रंथांत दुसरीं दोन स्थळें आहेत, त्यांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. सूत कांतविणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणांत विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, राजाच्या म्हाताऱ्या दासी, देवळांतील सेवा संपलेल्या देवदासी यांच्याकडून सूत कांतवून घ्यावें, असें सांगितलें आहे. म्हणजे राजवाड्यांत जन्म घालविलेल्या दासीस म्हातारपणीं चाती मिळते, अंथरूण मिळत नाहीं. दुसरें स्थळ पांचव्या अधिकरणांतील वेतनाच्या अध्यायाचें. कामावर असतां मेलेल्या नोकरांच्या बायकामुलांस अन्नवेतन मिळावें, आणि त्यांच्या घरचीं मुलें, वृद्ध व रोगी यांच्यावर अनुग्रह करावा, असें तेथें म्हटलें आहे. येथें व्याधिग्रस्त निःसंशय आहेत. मात्र ते राजसेवकाच्या घरचे असल्यामुळें आहेत, आणि शब्द अनुग्रहाचा आहे. सेवेच्या नात्यानें मिळणारें साहाय्य व अनाथ म्हणून मिळणारें साहाय्य हे दोन प्रवाह तेव्हांपासून वेगळे वाहत आले आहेत. पुढील कागद वाचतांना हा भेद विसरूं नये.

अशोकाच्या लेखांत वृद्ध अधिक स्पष्ट दिसतात. राज्याभिषेकास तेरा वर्षें झाल्यावर त्यानें धर्ममहामात्र नेमिले, व अनाथ आणि वृद्ध यांच्या हितसुखाकडे पाहणें हें त्यांच्या कामांपैकीं एक होतें, हें पांचव्या शिलालेखांत आहे. बंदिवानांच्या सुटकेचा विचार करितांना कैदी म्हातारा आहे काय, हें पाहण्याविषयींही त्याच लेखांत उल्लेख आहे. आठव्या लेखांत पूर्वीच्या राजांच्या विहारयात्रांऐवजीं आपण धर्मयात्रा सुरू केल्याचें सांगून, तींत वृद्धांचें दर्शन घेणें व त्यांस सुवर्ण देणें या गोष्टींची नोंद राजानें केली आहे. या आठव्या लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इ. स. १८८२ मध्यें आपल्या सोपारें गांवीं सांपडला, ही गोष्ट महाराष्ट्रांतील वाचकांस मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अपरान्तांतील या बंदरीं जहाजांवरून उतरणाऱ्या लोकांनीं राजा म्हाताऱ्यांस भेटतो व सोनें देतो हें दगडावर वाचिलें असेल. भेट व सोनें; त्यापुढें तेंच. राजा परत गेल्यावर त्या म्हाताऱ्यास पाणी कोण देत असे, हें शिलेवर येण्याजोगें कोणास वाटलें नाहीं, आणि त्याबद्दल राजास दोष देण्याचेंही कारण नाहीं.

स्मृतिकारांचा मार्ग दंडाचा आहे. एकमेकांस टाकणाऱ्या पितापुत्र, भाऊबहीण, पतिपत्नी आदिकांस याज्ञवल्क्य शंभर पण दंड सांगतो. मातापिता, स्त्री व पुत्र यांस टाकणाऱ्यास मनु सहाशें सांगतो. कौटिल्याच्या बारा पणांशीं हे आंकडे सरळ ताडून पाहूं नयेत, कारण न पोसणें व टाकून देणें हे अपराध एक नव्हेत. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर तर, शंभर अकार्यें करूनही वृद्ध आईबापांस पोसावें अशा आशयाचें मनूच्या नांवावरील वचन आधारास घेतो. मिताक्षरा महाराष्ट्रांतील व्यवहाराचा मुख्य आधारग्रंथ असल्यामुळें, पुढें इंग्रजी न्यायासनांपुढें आईबापांच्या पोटगीचा प्रश्न आला तेव्हां हें वचन वारंवार पुढें आलें. पण येथेंही क्रियापद पोसण्याचेंच आहे.

सेवा करणारीं माणसें मोजलेलीं पाहावयाचीं असतील, तर दक्षिणेंत तिरुमुक्कूडल येथील देवळाकडे जावें लागतें. चोळ राजा वीरराजेंद्र याच्या कारकीर्दींतील, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, तेथील शिलालेखांत पंधरा खाटांच्या आरोग्यशाळेची नेमणूक दिली आहे. वैद्य, शस्त्रक्रिया करणारा, वनस्पति आणणारे यांच्याबरोबर औषध देणाऱ्या व रोग्यांची काळजी घेणाऱ्या दोन स्त्रियांचेंही वेतन तींत लाविलें आहे. शुश्रूषेस दाम लावून तिची नोंद केल्याचें इतकें स्वच्छ उदाहरण दुर्मिळ आहे. परंतु ही शाळा देवळाच्या नोकरांकरितां व तेथील विद्यार्थ्यांकरितां होती. बरें होऊन कामावर जाणाऱ्यांची ती जागा होती. जो बरा होणारच नाहीं, ज्याचें दुखणें म्हणजे वयच होय, त्याचा तींत उल्लेख नाहीं.

आतां मराठी साधनांकडे वळूं. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यानें लिहिलेल्या बखरींत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची व्यवस्था दिली आहे. पडलेल्या लोकांच्या मुलांचें चालविलें. ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमे वेतन करून दिलें. जखमींस जखम पाहून दर असामीस पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत दिले. ही ओळ वीरांच्या गौरवार्थ नेहमीं उद्धृत होते. आम्हांस तींतील निम्या वेतनाची गोष्ट अधिक बोलकी वाटते. पुत्र असेल तर मुलगा चाकरीस लागेल व आईचें चालवील. पुत्र नसेल तर तिला अर्धें वेतन. पुत्रहीन विधवेचें म्हातारपण येथें राज्यानें हिशेबांत धरिलें आहे. तें अर्धेंच कां, याचा खुलासा बखरकार करीत नाहीं, आणि आम्हीही तर्क लढवीत नाहीं. जखमींचे होन मात्र एकरकमी दिसतात. पाय गेलेल्या शिपायास तो दहा वर्षें जगला तर पुढें काय, हें त्या ओळींत नाहीं.

पेशवाईंतील कागदांत मेलेल्या शिपायाच्या मुलांकरितां होणाऱ्या नेमणुकीस बालपरवेशी हा शब्द इतका रूढ आहे कीं, तो कोशांतही शिरला. फारसी 'परवरिश' म्हणजे पालनपोषण. तिला आपल्या लोकांनीं बाल हें पद जोडून घरचें रूप दिलें. त्याच मुशींतून 'नानपरवरिश' हा शब्द आला. नान म्हणजे भाकरी. पण 'वृद्धपरवेशी' असा शब्द आमच्या पाहण्यांत नाहीं. मुलासाठीं शब्द झाला, म्हाताऱ्यासाठीं झाला नाहीं, यांत आम्हांस कांहीं अर्थ दिसतो. मूल म्हणजे पुढची चाकरी; म्हाताऱ्याची चाकरी होऊन गेलेली. तो दप्तरांत येतो तो इनामदार म्हणून, वर्षासन खाणारा ब्राह्मण किंवा फकीर म्हणून, रोजिनदार म्हणून, नाहीं तर धर्मादायाच्या खर्चांत बेनांवी. वृद्ध या नात्यानेंच तो क्वचित् येतो.

यावरून राज्य उदासीन होतें असें मात्र कोणी समजूं नये. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेल्या रोजनिशा विसाव्या शतकाच्या आरंभीं नऊ भागांत छापून निघाल्या. त्या चाळणाऱ्यास दिसून येतें कीं, मदतीचा खरा मार्ग वंशपरंपरेचा होता. बापाची आसामी मुलाच्या नांवें होई, वतन घरांत राही, आणि थकलेला बाप त्याच उत्पन्नावर त्याच ओसरीवर बसून राही. हें निवृत्तिवेतनच होय, फक्त तें म्हाताऱ्याच्या नांवें पडत नसे. निपुत्रिक वतनदार दत्तक घेई, सरकारांत नजर भरी व परवानगी मिळवी. दत्तविधानाचीं कारणें सांगतांना आपण सर्व पिंडदानाविषयीं बोलतों. मेल्यावरच्या पिंडाआधीं जिवंतपणीं घांस देणारा कोणी हवा, हें कारण आम्हांस तितकेंच बळकट वाटतें. ज्यास वतन नाहीं, चाकरी नाहीं, व वंश नाहीं, त्याच्यापर्यंत मात्र ही साखळी पोंचत नव्हती. त्याला देऊळ, अन्नछत्र, दर्गा, अगर गांवची दया.

इ. स. १८१८ नंतर नव्या सरकारानें जुन्या नेमणुकांपैकीं पुष्कळ चालू ठेविल्या, पुढें इनाम कमिशननें त्यांची कसून तपासणी केली, आणि १८७१ च्या पेन्शनांविषयींच्या कायद्यानें, कलेक्टर किंवा तत्सम अधिकाऱ्याच्या दाखल्यावांचून अशा नेमणुकीचा दावा दिवाणी न्यायालयानें ऐकूं नये असें ठरविलें. म्हणजे कौटिल्याचा अनुग्रह हा शब्द निराळ्या वेषांत कायम राहिला. इंग्लंडांत १६०१ पासून गरिबांचा कायदा होता. वृद्ध, आंधळे, पांगळे यांचा भार तो प्रथम आईबाप व मुलें यांच्यावर व नंतर त्या त्या धर्मग्रामावर टाकीत असे. तो कायदा कंपनीनें किंवा राणीच्या सरकारानें हिंदुस्थानांत आणला नाहीं. येथें जातगोत व एकत्र कुटुंब हें काम करितें, अशी समजूत त्याच्या मुळाशीं होती, आणि ती समजूत खजिन्यास सोयीची होती.

पण दुष्काळांनीं ती समजूत मोडली, आणि आमच्या प्रश्नाचें पहिलें सरळ उत्तर दुष्काळी कागदांतच सांपडतें. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगानें १८८० मध्यें आपला अहवाल दिला, व त्यावरून निरनिराळ्या प्रांतांसाठीं दुष्काळसंहिता तयार झाल्या. धडधाकट माणसास खडी फोडण्याचें किंवा तलावाचें काम. ज्यास काम होत नाहीं त्यास फुकट शिधा. या फुकट मदतीस कोण पात्र, याची यादी संहितांत दिलेली असे. वेडे, पांगळे, आंधळे. वयामुळें किंवा दुर्बलतेमुळें कमावण्यास असमर्थ झालेले. आणि त्यांच्या पाठोपाठ, आजारी माणसाजवळ किंवा तान्ह्या मुलांजवळ ज्यांनीं घरीं राहणें अगदीं अवश्य आहे अशीं माणसें.

हें शेवटचें कलम आम्हीं प्रथम वाचलें तेव्हां पुन्हां मागें जाऊन वाचिलें. येथें राज्य कबूल करितें कीं, आजाऱ्यापाशीं बसणें हें कामच आहे. तें करणारा माणूस खडी फोडावयास येऊं शकत नाहीं, आणि म्हणून त्यासही शिधा दिला पाहिजे. सुनेनें म्हाताऱ्या सासऱ्यास घरीं टाकून कामावर जावें काय, हा प्रश्न कोणा तरी अधिकाऱ्यास पडला असला पाहिजे, नाहीं तर हें कलम आलें नसतें. ही कबुली भूतदयेपोटीं आली कीं कामांवरील गर्दी व मृत्यूंचे आंकडे पाहून आली, याचा निवाडा अहवालांच्या भाषेवरून होत नाहीं. कलमें लिहिणाऱ्यांस आपण कांहीं नवें लिहितों आहों याची जाणीवही नसावी. आणि पाऊस पडला कीं संहिता कपाटांत जात असे. शुश्रूषक दप्तरांत आला तो दुष्काळापुरता. पीक येतांच तो पुन्हां अदृश्य झाला.

निराश्रित वृद्धांस कायमचें घर देण्याचें काम या काळांत सरकारापेक्षां दात्यांनीं केलें. पुण्यांत डेव्हिड ससून यांच्या नांवानें चाललेलें अशक्तांचें आश्रयगृह, जें लोकांत 'निवारा' म्हणून ओळखलें जातें, तें त्यांपैकीं ठळक होय. कायद्यानें जो निवारा दिला त्याचें रूप निराळें होतें. भिक्षाप्रतिबंधाचा मुंबई कायदा १९५९ चा. भीक मागतांना सांपडलेल्यास प्रमाणित संस्थेंत डांबण्याची त्यांत सोय होती, आणि आंधळा, पांगळा अगर कायमचा असहाय असेल त्यास अनिश्चित काळपर्यंत ठेवण्याचीही. भाकरी, छप्पर व देखरेख हीं तिन्ही एकाच जागीं राज्याकडून मिळण्याची व्यवस्था कायद्यानें केली, पण त्यासाठीं म्हाताऱ्यास आधीं पोलिसाच्या हातीं सांपडावें लागे. अशोकानें म्हाताऱ्या कैद्यास सोडण्याचा विचार केला होता. येथें म्हातारपणच कैदेचें कारण झालें. दिल्लीपुरत्या या कायद्यांतील मुख्य कलमांस तेथील उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें घटनाबाह्य ठरविलें.

विलायतेंत मधल्या काळांत काय झालें, तें थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांस आठवड्यास पांच शिलिंग मिळूं लागले, आणि १९४८ मध्यें गरिबांचा जुना कायदा रद्द झाला. त्या जागीं आलेल्या राष्ट्रीय साहाय्याच्या कायद्यानें, वय किंवा अशक्तता यांमुळें ज्यांना देखभाल लागते व ती दुसरीकडून मिळत नाहीं त्यांस राहण्याची जागा पुरविण्याचें काम स्थानिक संस्थांकडे दिलें. देखभालीची गरज हीच साहाय्याची कसोटी, हा या कायद्याचा विशेष होय. प्रौढ मुलांवर आईबापांचा भार टाकणारें १६०१ चें बंधनही तेथेंच संपलें. जर्मनींत १९९५ मध्यें व जपानांत २००० मध्यें शुश्रूषेचा स्वतंत्र विमाच सुरू झाला. जर्मन योजनेंत घरीं सेवा होत असेल तर रोख रक्कमही घेतां येते.

आपल्याकडे घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदानें वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याचें तत्त्व मान्य केलें. १९५७ मध्यें उत्तर प्रदेशानें वृद्धांचें निवृत्तिवेतन सुरू केलें, महाराष्ट्रांत १९८० मध्यें निराधारांसाठीं संजय गांधी यांच्या नांवाची अनुदान योजना निघाली, आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारानें पासष्ट वर्षांवरील निराधारांस महिना ७५ रुपये देण्यास आरंभ केला. २०११ मध्यें वयाची अट साठावर आली. केंद्राचा वांटा ऐंशीच्या आंतील वृद्धास २०० व त्यावरील वृद्धास ५०० रुपये असा ठरला. ऐंशी वर्षें ही मर्यादा वयाची आहे, अंथरुणाची नव्हे. ऐंशीव्या वर्षीं विहिरीवर पोहणाऱ्यास ५०० आणि पासष्टाव्या वर्षीं अर्धांगवायूनें पडलेल्यास २००, हा त्या कसोटीचा सरळ परिणाम होय.

महाराष्ट्रांतील दुसऱ्या एका योजनेस श्रावणबाळ हें नांव आहे. नांव ठेवणाऱ्याची रसिकता आम्हांस मान्य आहे. पण वाचकांनीं थोडा विचार करावा. श्रावण हा कावड वाहणारा, आंधळ्या आईबापांसाठीं पाणी आणावयास जाऊन प्राणास मुकलेला मुलगा. योजनेंत पैसे आईबापांस मिळतात, आणि तें योग्यच आहे; ज्याच्या खांद्यावर कावड आहे त्यास मात्र त्याच्या नांवाच्या योजनेंत कांहीं नाहीं.

२००७ चा मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा वाचतांना आम्हांस पुन्हां पुन्हां अर्थशास्त्र आठवलें. मुलांनीं पोसावें, न पोसल्यास न्यायाधिकरणाकडे जावें, मूळ कायद्याप्रमाणें महिना दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवितां यावी, वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बारा पणांचा तोच वंश. चरितार्थ या शब्दाच्या व्याख्येंत अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीस वैद्यकीय देखभाल व उपचार आले आहेत, हें एक पाऊल पुढें खरें. निराधारांसाठीं दर जिल्ह्यांत निदान दीडशें वृद्धांची सोय होईल असें एक तरी वृद्धाश्रम असावें, असेंही कलम आहे; पण मूळ इंग्रजींतील क्रियापद सरकारावर बंधन घालणारें नसून मुभा देणारें आहे. सनदेंतील एका अक्षरावरून इनाम राहतें किंवा जातें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांस या क्रियापदाचें मोल सांगावयास नको.

दुष्काळसंहितेंतील तें विसरलेलें कलम पुन्हां उगवलें तें केरळांत. त्या राज्यानें २००८ मध्यें वेदनाशामक शुश्रूषेचें धोरण जाहीर करून, घरीं पडून असलेल्या रुग्णांपर्यंत परिचारिका पोंचविण्याचें काम ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्याकडे दिलें. आणि अंथरुणास खिळलेल्यांची सेवा करण्यांत ज्यांचा सर्व वेळ जातो अशा घरच्या माणसांकरितां आश्वासकिरणम् या नांवानें मासिक साहाय्य सुरू केलें. रक्कम लहान होती. परंतु तीस पात्र होण्याचें कारण घरीं बसून केलेली सेवा हें होतें, आणि दुष्काळ पडलेला नव्हता.

आतां आमच्या संग्राहक वाचकांस एक विनंति. जुन्या वाड्यांतील दप्तर उलगडतांना शिक्क्याची सनद, निवाडपत्र, महजर हीं आधीं बाजूस निघतात, आणि घरखर्चाच्या याद्या, किराण्याचीं टिपणें, धर्मादायाचीं चिटोरीं बाजूस पडून बहुधा वाळवीच्या किंवा रद्दीच्या वांट्यास जातात. आम्हीही असा आळस केला आहे. पण प्रस्तुत विषयाचा पुरावा, असेल तर तो त्या चिटोऱ्यांतच आहे: थकलेल्या चाकरास घरीं बसवून दिलेला रोजमुरा, आजारी आत्याबाईंपाशीं राहणाऱ्या बाईच्या लुगड्याचा खर्च, दत्तकपत्रांतील आईबापांच्या सांभाळाची अट, वांटणीपत्रांत म्हाताऱ्या आईच्या खोलीची, दुभत्याची व तिच्याजवळ राहणाऱ्या माणसाची केलेली तरतूद. कोणाच्या संग्रहीं असे कागद असल्यास, तारीख व गांव यांसह त्यांची नक्कल, मूळ शुद्धलेखन न बदलतां, चिटणीसांकडे पाठवावी. फाटका कागद असला तरी चालेल. दोन ओळी वाचतां आल्या म्हणजे पुरे.